मूळचं छप्पर

बस चौकात थांबली तेव्हा मेस्त्री खिडकीशी बसून खालच्या गाड्यांचे टप वाचत होते. वाचत होते म्हणजे अक्षरशः वाचत होते. चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाला गाडीचा टप उघड्या पुस्तकासारखा दिसतो. ही मागून ठोकलेली, हिचे खड्डे लांबीने, म्हणजे लुकणाने, भरून वर रंग मारलाय, हिच्या मालकाने हिला वर्षानुवर्षं उन्हात टाकलंय. मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या काचांना लावायच्या रबराचं वेटोळं. तेवढ्यात खिडकीखाली एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिला टपच नव्हता. वरून थेट आतलं सगळं दिसत होतं. भडक नारिंगी चामड्याच्या सीटा, लाकडी स्टिअरिंग, आणि स्टिअरिंगमागे एक टक्कल, ऊन लागू नये म्हणून त्यावर पांढरी टोपी. रंग राखेसारखा, चमक नसलेला. मागची दोन दारं बुजवून टाकलेली, सायलेन्सरचा पाइप दाराखालून बाजूला काढलेला. मेस्त्रींना आधी हसूच आलं. कुणातरी पैसेवाल्याची हौस, ते म्हणाले मनात, आणि नजर मागच्या चाकावरच्या कमानीवर गेली. हसू तिथंच राहिलं. ती कमान त्यांनी स्वतः ठोकली होती. आपल्या हातचं काम माणूस पाठमोरं ओळखतो, आपल्या पोराला गर्दीत ओळखतो तसं. चौपन्न सालची, चार दारांची, गोल पाठीची. दातांच्या डॉक्टरांची गाडी. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग होता तिचा. डॅशबोर्डच्या खाली जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं तिथला रंग खरवडून, त्याच्याशी ताडून पाहून त्यांनी तो बनवला होता. तो गाडीच्या डाव्या बाजूला जरा निळसर दिसत होता म्हणून दोनदा सगळा उतरवला होता. आणि आता राख.

मग त्यांनी कापलेली कड पाहिली. छप्पर जिथं कापलं होतं तिथली कड मशीनने घासून सोडली नव्हती. पत्रा आत दुमडून, हातोडीने हळूहळू गोल करून, बोट फिरवलं तर ओरखडा उठू नये अशी बसवली होती. एवढा वेळ कोण घालवतो? गावात असं काम करणारी दोनच माणसं. त्यातलं एक या बसमध्ये बसलं होतं. दुसरं म्हणजे त्यांची लेक.

दिवा हिरवा झाला. गाडी सुटली, आवाज करत. पुढच्या सीटवरचा कॉलेजातला कुणी म्हणाला, ‘‘काय गाडी आहे राव!’’ त्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘कसली? चांगल्या गाडीचं वाटोळं केलंय.’’ ‘‘ज्याची गाडी त्याची मर्जी,’’ कंडक्टर म्हणाला, त्याला कुणी विचारलं नव्हतं. मेस्त्री कधीच कुणाशी बसमध्ये बोलत नसत. पण त्यांना एकदम वाटलं, उठून तिघांनाही ओरडावं: तुम्हाला काय कळतं? तुम्ही कोण? आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आपल्याला सगळ्यात जास्त कळतं आणि म्हणूनच आपण गप्प बसलं पाहिजे. ते एक थांबा आधीच उतरले. उतरल्यावर लक्षात आलं की चालायला एवढं अंतर आहे, आणि त्याचाही राग आला.

लोक त्यांना ‘ओरिजनल’ म्हणत. तोंडावर मेस्त्री, माघारी ओरिजनल. जुन्या गाड्यांच्या क्लबात प्रदर्शन असलं की ते मुख्य परीक्षक. हातात पॅड, कमरेत वाकलेले, गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारून बघणार आणि म्हणणार, हा नट त्या सालचा नाही. एका नटासाठी त्यांनी माणसं दुखावली होती. एका गृहस्थाने आजोबांच्या गाडीत नवा रेडिओ बसवला होता म्हणून त्याला दोन गुण कमी दिले, तो गृहस्थ चारचौघांत रडला, तरी मेस्त्रींनी गुण वाढवले नव्हते. मोठ्या ऐटीत सांगत, गाडी म्हणजे काही आपली वही नव्हे, वाटेल ते खरडायला. ज्याने पहिल्यांदा आखली त्याची ती. सहा वर्षांपूर्वी लेक त्यांच्या शेडमधून बाहेर पडली ती यावरूनच. एका म्हाताऱ्या बाईंना जुन्या गाडीत सीटबेल्ट हवे होते. मेस्त्री म्हणाले, त्या सालात बेल्ट नव्हते. लेक म्हणाली, त्या सालात माणसं मरतही होती बाबा. त्यावर ते जे काय बोलले ते आता आठवायला नको वाटे. लेकीने कारखान्यांच्या भागात स्वतःची शेड घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी घरी जेवायला येई, आई गप्पा मारी, बाप आणि लेक पावसापाण्यावर आणि पत्र्याच्या भावावर बोलत. त्यापलीकडे गेलं की दोघांचे आवाज चढत, मग आई मध्येच ताट पुढे सरकवी.

घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. फोन टेबलावर थरथरत होता. क्लबच्या ग्रुपवर त्या राखाडी गाडीचे फोटो, पुढून, मागून, डॉक्टर आत बसून हसताना. खाली एकाखाली एक मतं. ‘हा खून आहे.’ ‘कला आहे, समजायला दृष्टी लागते.’ ‘निदान दारं तरी ठेवायची.’ ‘माझ्या मते इंजिन मूळचं असेल तर चालेल.’ ‘तुमच्या मताला कोण विचारतंय?’ एकाने नुसतंच रडकं तोंड पाठवलं होतं, एकाने हात जोडलेले, ते का हे कळत नव्हतं. आणि अधूनमधून, अगदी सभ्यपणे: ‘मेस्त्रींचं मत काय?’ ‘काम कुठल्या शेडचं आहे ते मेस्त्रींना माहीत असेलच.’ बायको चष्मा कपाळावर चढवून भाजी निवडत होती. तिने सगळं वाचलं होतं. ‘‘माणसाचे दात पडतात, नवे बसवतात,’’ ती म्हणाली, ‘‘गुडघे बदलतात, केस काळे करतात. तेव्हा कुणी म्हणत नाही हो की ओरिजनल ठेवा.’’ ‘‘तू गप्प बस.’’ ‘‘मी गप्पच आहे. बत्तीस वर्षं.’’ त्यांनी फोन उलटा ठेवला. उलटा ठेवला तरी तो थरथरत राहिला, पाठीवर पडलेल्या किड्यासारखा.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले, कागद हातात असल्याशिवाय न बोलणारे गृहस्थ. त्यांनी टाइप केलेलं पत्र आणलं होतं. ‘‘कार्यकारिणीत एकमत झालंय. म्हणजे जवळजवळ एकमत. तेवढी तुमची सही हवी, मुख्य परीक्षक म्हणून.’’ पत्रात लिहिलं होतं की संपूर्ण मूळ स्वरूपातील, प्रथम पारितोषिकविजेत्या वाहनाची अमुक कार्यशाळेने भरून न येणारी हानी केली असून, यापुढे त्या कार्यशाळेतील कोणतेही वाहन क्लबच्या कार्यक्रमात स्वीकारलं जाणार नाही. शेडचं नाव लेकीचं. सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, ‘‘तुमची अडचण कळते आम्हाला. पण लोक म्हणतात, ओरिजनल माणूस आहे, लेकीच्या बाबतीतही वाकणार नाही. आणि सही नाही केलीत तर... लोकांची तोंडं कोण धरणार?’’ ‘‘ठेवून जा,’’ मेस्त्री म्हणाले. ‘‘रविवारपर्यंत?’’ ‘‘ठेवून जा म्हटलं ना.’’

पत्र टेबलावर राहिलं आणि त्यातले तीन शब्द खोलीभर फिरायला लागले. संपूर्ण मूळ स्वरूपातील. मेस्त्री खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. एकवीस वर्षं त्यांनी एक गोष्ट मनाच्या अशा कोपऱ्यात ठेवली होती की तिकडे विचार वळला की ते आपोआप दुसरं काहीतरी करायला उठत. हत्यारं पुसत, नळाचा वॉशर बदलत. आज उठायला जमलं नाही. ती गाडी मिळाली होती एका पडक्या गोदामात. भिंत कोसळून छपरावर पडलेली, छप्पर सीटांपर्यंत दबलेलं, आत घुशींनी घरं केलेली. डॉक्टर तेव्हा तरुण होते, नुकतीच प्रॅक्टिस जमलेली. म्हणाले, कितीही वेळ लागू दे मेस्त्री, पण सगळं मूळचं पाहिजे, नाहीतर मला नको. बाकी सगळं जमलं. छप्पर जमेना. दोन वर्षं मेस्त्रींनी पत्रं लिहिली, भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले, बसने, रेल्वेने लांब लांब जाऊन आले. त्या सालच्या त्या गाडीचं छप्पर कुठंच नव्हतं. डॉक्टर दर आठवड्याला येऊन विचारत आणि त्यांच्या तोंडाकडे बघून ‘नाही’ म्हणणं दर आठवड्याला अवघड होई. मग एका इस्पितळाच्या गच्चीवरून पाण्याची जुनी टाकी उतरवत होते. जाड, घट्ट, जुन्या काळचा पत्रा, नव्या पत्र्यासारखा पापड नव्हे. मेस्त्रींनी ती टाकी शेडमध्ये आणली, दार आतून लावलं, आणि तीन महिने ठोकत बसले. साचा नाही, नकाशा नाही. तीन जुने फोटो आणि स्वतःचा तळवा. एवढ्या मोठ्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा, कुठे ताण नको, कुठे पोट नको. शेवटच्या दिवशी त्यांनी हात फिरवला तेव्हा तळव्याला काही लागलंच नाही, पाण्यावरून हात फिरवावा तसं. आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर असं काम त्यांच्या हातून झालं नाही. आणि डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘मिळालं बघा एकदाचं. लांबच्या एका भंगारात.’’

का म्हणाले, हे त्यांना कधीच नीट सांगता आलं नसतं. डॉक्टरांचा चेहरा उजळला हे खरं. पण तेवढंच नव्हतं. ‘मी बनवलं’ म्हटलं असतं तर ते फक्त बनवलेलं ठरलं असतं. ‘मिळालं’ म्हटल्यावर ते खरं झालं. प्रदर्शनात तेव्हाचे परीक्षक, म्हातारे, प्रसिद्ध, त्यांनी छपरावर बोटाने टकटक केली आणि डोळे मिटून म्हणाले, ‘‘आहा! जुना पत्रा. आवाजच वेगळा.’’ पहिलं बक्षीस. टाळ्या. मेस्त्री मागे उभे. त्यांना वाटलं होतं आता हसू आवरणार नाही, आणि हसू आलंच नाही. त्यानंतर दुसऱ्यांच्या नटांवर, रेडिओवर, बेल्टांवर ते असे तुटून पडायला लागले की लोकांनी त्यांना ओरिजनल म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीच्या शेडवर गेले. सहा वर्षांत तिसऱ्यांदा. शेडमध्ये ऊन पत्र्याच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. एक जुनी गाडी लोखंडी घोड्यांवर, टेकूंवर चढवलेली, चाकं काढलेली, आणि तिच्या बोनेटवर लेकीने खडूने काहीतरी विचित्र कमानी आखल्या होत्या. तिचा गॉगल कपाळावर, गालावर काजळीची रेघ. बापाला बघून ती दचकली नाही. ‘‘बसमधून दिसली ना?’’ म्हणाली. ‘‘आईने फोन केला होता.’’

‘‘ती गाडी तू कापलीस.’’

‘‘मी कापली.’’

‘‘एकवीस वर्षं ज्या गाडीला ओरखडा पडला नाही... एक फोन करता आला नाही तुला? ती गाडी कुणी उभी केली हे तुला माहीत नव्हतं? हिरवा रंग काढलास, दारं बुजवलीस, आणि ते नारिंगी! सर्कस आहे का?’’ आवाज चढत गेला तसं त्यांना बरं वाटत गेलं. रंगाबद्दल ओरडणं सोपं होतं. ‘‘तुला वेगळं काही करायचंच होतं तर भंगारातली गाडी घ्यायचीस. उभी राहिलेली गाडी मोडायची, यात कसला आलाय शहाणपणा?’’

‘‘झालं?’’ ती म्हणाली. तिने हातमोजे काढले, एकात एक घालून खिशात कोंबले, जसे ते स्वतः कोंबत. मग भिंतीकडे गेली आणि ताडपत्री ओढली. खाली ते छप्पर होतं. उलटं टेकवलेलं, आतली बाजू वर. हिरवा रंग खालून दिसत होता. आतलं कापडी अस्तर काढलेलं. जिथं अस्तर होतं तिथं उघड्या पत्र्यावर बुजवलेल्या रिव्हेटांच्या भोकांची रांग, क्षारांची एक फिकी रेघ, आणि मध्यभागी, मेस्त्रींनी तेव्हा अस्तराने झाकलं जाईल म्हणून पुसायचा कंटाळा केलेले, छापील आकडे आणि अक्षरं. ५००० लि.

लेकीने ताडपत्री पायाने बाजूला सारली.

‘‘पाच हजार लिटरची गाडी,’’ लेक म्हणाली. हसली नाही. ‘‘डॉक्टर आले होते काचेजवळून पाणी गळतं म्हणून. म्हणाले, बघ जरा, तुझ्या बाबांना त्रास नको, त्यांचे डोळे आता दुखतात. मी अस्तर काढलं. काचेशेजारच्या खांबाजवळ छपराचा तुमचा जोड सुटला होता, गंज आत गेला होता. छप्पर काढल्याशिवाय दुरुस्त होणार नव्हतं. आणि काढलं की ते हे बघणार होते. ते दर दोन दिवसांनी येऊन बसतात इथं, स्टूल घेऊन. महिनाभराच्या दुरुस्तीत मी कुठंकुठं झाकणार होते? कापलेलं छप्पर एका रात्रीत ताडपत्रीखाली घालता येतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, हिचं छप्पर उडवून टाकलं तर काय दिसेल!’’ तिने हात झटकले. ‘‘मला वाटलं नाही म्हणतील. एकदम खूश झाले. त्यांना म्हणे लहानपणापासून उघडी गाडी हवी होती. मग त्यांनीच सुरू केलं, सीटा अशा, रंग तसा. नारिंगी त्यांचं आहे बाबा, माझं नाही. दारं बुजवली कारण छप्पर नसलं की सांगाडा लुळा पडतो, ताकद कुठून तरी आणावी लागते. ते मात्र चांगलं केलंय मी. बघितलंत?’’

बघितलं होतं. बसमधूनही कळलं होतं. मेस्त्री तिथल्या स्टुलावर बसले, बहुधा डॉक्टरांच्याच. डोक्यात राग होता पण त्याला बसायला जागा मिळत नव्हती. लेकीवर ठेवावा तर तिने त्यांची लाज झाकली होती. आणि झाकली म्हणूनच जास्त चीड येत होती. कुणी सांगितलं होतं हिला? माझ्या खोटेपणाची उठाठेव करायला मी हिला बोलावलं होतं? आयुष्यातलं एकमेव काम, ज्याच्यापुढे आपण स्वतः नमस्कार केला असता, ते या पोरीने कापून भिंतीला टेकवलंय, आणि का तर बाप चारचौघांत उघडा पडू नये. त्यांनी हात पुढे करून छपराच्या आतल्या बाजूवर तळवा ठेवला. उतार तसाच होता. तेवढंच त्यांच्या मनात आलं, की उतार तसाच आहे.

‘‘मी रात्री झोपले नाही, कापायच्या आदल्या दिवशी,’’ लेक म्हणाली. ‘‘असा पत्रा मी पाहिला नाही कुठं. हे तुम्ही मला का नाही शिकवलंत? एवढे नट शिकवलेत. हे का नाही?’’

त्यांनी खिशातून सेक्रेटरींचं पत्र काढून तिला दिलं. तिने वाचलं, परत दिलं. ‘‘करा सही.’’

‘‘करू? यात लिहिलंय काय ते वाचलंस ना?’’

‘‘वाचलं. मला क्लबची गरज नाही. काम आहे माझ्याकडे. तुम्हाला आहे क्लबची गरज. तुमचं काय राहिलंय दुसरं?’’ हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की ते उठून उभे राहिले आणि निघाले. तिने हाक मारली नाही. मागून हातोडीचा आवाज सुरू झाला, एका ठेक्यात, ठेका त्यांचाच.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, चप्पल न काढता. टाकी, तीन महिने, भंगाराची थाप. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बरं मग?’’ ‘‘बरं मग काय? मी तुला आज पहिल्यांदा सांगतोय.’’ ‘‘तीन महिने आतून कडी लावून ठोकत होतात, ते काय मी समजले कापूस पिंजताय? शेजारचे भांडायला आले होते आवाजावरून. टाकी टेम्पोतून उतरताना मी गॅलरीत उभी होते.’’ मेस्त्री खाली बसले. म्हणजे हिलाही माहीत होतं. एवढी वर्षं ते एकटे, आतल्या आत, ओझं वाहत होते असं त्यांना वाटत होतं, आणि हमालाच्या मागून घरचे सगळे रिकाम्या हातांनी चालत होते, ओझ्याकडे बघत. ‘‘बोलली का नाहीस?’’ ‘‘तुम्ही कुठं कुणाचं ऐकता? आणि काम सुंदर होतं. मला काय, माझ्या डोळ्यांना सुंदर दिसलं.’’ फोन पुन्हा थरथरला. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, माझ्या मते अशा लोकांना धडा शिकवला पाहिजे. माझ्या मते. मेस्त्रींना वाटलं, जगात मतांशिवाय काही उरलेलं नाही. प्रत्येकाकडे एक मत आहे आणि वस्तू कुणाकडेच नाही.

गुरुवारी दुपारी ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. पेशंट नव्हता. डॉक्टर खूश झाले, हात धरून म्हणाले, ‘‘रागावलात ना? मला माहीत होतं तुम्ही रागावणार. चला, चक्कर मारू, मग रागवा.’’ आणि ते मेस्त्रींना त्या राखाडी गाडीत घेऊन निघाले. वारा तोंडावर येत होता. मेस्त्री या गाडीत कितीदा बसले होते, पण तेव्हा डोक्यावर ते छप्पर असायचं आणि त्यांचं सगळं लक्ष वर असायचं. अस्तर कुठे लोंबतंय का, पाणी येतं का, कुणी बोटाने टकटक करतंय का. आज वर झाडं सरकत होती. त्यांना हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याचा वैताग आला. लेकीने सांगाडा खरंच घट्ट बांधला होता. खड्ड्यातून गाडी गेली तरी दार किरकिरलं नाही. डॉक्टर बोलत होते, लोक काय काय म्हणतात, सासरेबुवा म्हणाले वेडा झालास, बायको म्हणाली पावसात काय करशील, नातवाने मात्र टाळ्या वाजवल्या. मेस्त्री म्हणाले, ‘‘डॉक्टर, गाडी बाजूला घ्या जरा.’’

गाडी एका बंद दुकानासमोर थांबली. मेस्त्रींनी सांगितलं. वळणं न घेता. छप्पर मूळचं नव्हतं. भंगारातून आणलं नव्हतं. टाकीचा पत्रा होता, मी ठोकला होता, तुम्हाला खोटं सांगितलं. बक्षीस मिळालं ते खोट्याला मिळालं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं हे हसतील, म्हणतील, जाऊ दे हो, आता ते छप्पर आहेच कुठं? तेच वाक्य ऐकायला ते आले होते, हे त्यांना तेव्हा कळलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘माझे वडील आजारी होते त्या वर्षी,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘त्यांना मी खुर्चीत बसवून खाली आणून गाडी दाखवली. म्हणालो, बघा, एक एक तुकडा खरा आहे. ते छपरावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.’’ मग मांडीवरची टोपी फिरवत, ‘‘मी पण खोटे दात बसवतो मेस्त्री. रोज बसवतो. पण पेशंटला सांगतो की खोटे आहेत.’’

रस्त्यावरचा एक माणूस थांबून गाडीकडे बघत होता, अंगठा वर करून दाखवत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ‘‘एक सांगा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्या मुलीला माहीत होतं? कापायच्या आधी?’’

त्या क्षणात मेस्त्रींना लेकीची शेड दिसली, उन्हाच्या पट्ट्या, स्टुलावर बसून गप्पा मारणारे डॉक्टर, तिच्यावर त्यांचा असलेला विश्वास. ‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तिला काय माहीत? तिने मूळचं समजूनच कापलं. तुम्ही सांगितलंत म्हणून.’’ शब्द इतके गुळगुळीत आले की त्यांचे तेच चकित झाले. एकवीस वर्षांचं सांगून टाकायला चार दिवस लागले होते, नवं बसवायला पळभर.

डॉक्टर म्हणाले, ‘‘बरं,’’ आणि त्यांना बसच्या थांब्यावर सोडलं.

घरी आल्याआल्या त्यांनी सेक्रेटरींचं पत्र फाडलं आणि साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या: ते छप्पर माझ्या हातचं होतं, मूळचं नव्हतं, सबब तुमचं पत्र चुकीचं आहे आणि परीक्षक म्हणून माझं नाव काढावं. मग लेकीला फोन लावला. बायको शेजारी उभी होती, फोनचा आवाज मोठा केलेला. ‘‘सांगितलं मी डॉक्टरांना,’’ ते म्हणाले. मग ती म्हणाली, ‘‘खरंच? बाबा, खरंच?’’ तिच्या आवाजात असं काही होतं की पुढचं बोलायला त्यांना जड गेलं. ‘‘त्यांनी विचारलं तुला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. तेवढं ध्यानात ठेव. विचारलं तर तू पण नाही म्हण.’’

‘‘असं का सांगितलंत?’’

‘‘का म्हणजे? तुझा धंदा आहे. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.’’

‘‘म्हणून मी खोटं बोलू? आता मी पण वीस वर्षं?’’ तिचा आवाज चढला. ‘‘तुम्ही ना बाबा... एक जोड उसवता आणि दुसरीकडे ठिगळ लावता! मी कापताना गप्प राहिले ती माझी चूक होती, माझी, तुमची नाही. उद्या मी जाऊन सांगते त्यांना.’’

‘‘अगं ए, ऐक, ते तुझ्याकडे परत पाऊल टाकणार नाहीत...’’

‘‘नाही टाकलं तर नाही,’’ ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मेस्त्री बंद फोनवर ओरडत राहिले. हट्टी आहे, अक्कल नाही, व्यवहार कळत नाही, एवढं केलं त्याचं मातेरं करणार. बायको ऐकत होती. त्यांचा दम संपल्यावर म्हणाली, ‘‘तुमच्यावर नाही गेली, एवढं बरं झालं.’’

ते तिच्याकडे बघत राहिले. रागाने बघायचं होतं, पण जमेना. एकवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांचा उजळलेला चेहरा समोर असताना ही पोर तिथं असती तर काय म्हणाली असती, ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं, तिच्याच चढलेल्या आवाजात. त्यांनी फोन उचलला. पुन्हा लावला. तिने लगेच घेतला, मागे शेडमधला वारा ऐकू येत होता.

‘‘किती वाजता जाणारेस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नऊला. दवाखाना उघडायच्या आधी.’’

‘‘मी येतो.’’

तिकडे हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘‘या. पण मध्ये बोलायचं नाही.’’